इंजिनाचे आकडे डिस्प्लेवर काऊन येत नाहीत?

प्रश्न : भाऊ, गोसीखुर्दच्या पाण्यात आमची बोट चालते, यामाहाचं कमांड लिंकवालं आउटबोर्ड (बोटीच्या मागं लागणारं इंजिन) हाय, नवा डिस्प्ले घेतला पण केबलच जुळत नाही. काय करू? – वाचक, पवनी

उत्तर : डिस्प्ले खराब नाही भाऊ. कमांड लिंक म्हंजे यामाहाच्या इंजिनाचं स्वतःचं नेटवर्क, अन् डिस्प्लेचं एनएमईए 2000 म्हंजे बोटीवरच्या यंत्रांचं सामाईक नेटवर्क, हे वेगळे हायेत, मधात गेटवे (एका नेटवर्कची माहिती दुसऱ्याले देणारा डबा) लागतेच, प्लग कापून वायरी जोडायच्या भानगडीत अजिबात पडू नका, इंजिनाचं नेटवर्क बिघडलं तर लय महागात जाते. एनएमईए 2000च्या मेन लाइनच्या दोन्ही टोकाले 120 ओमचा एकेक टर्मिनेटर (टोकाले लावायचा रेझिस्टर) पायजे, अन् 12 व्होल्टचा सप्लाय फ्यूज लावूनच द्या. मंग सप्लाय बंद करून मल्टिमीटरनं पांढऱ्या अन् निळ्या वायरीच्या मधात ओम मोजा, 60 ओमच्या आसपास आलं तर लाइन बरोबर, 120 आलं तर एक टर्मिनेटर नाही लागला.