आठ वेळा लिहिलेली पहिली साठ पानं

प्रश्न : मावशी, मी सांगलीची, वय ४३, शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी कादंबरी लिहायला घेतली. पहिला खर्डा अकरा महिन्यांत झाला, ३४० पानं. त्या रात्री स्वयंपाकघरात एकटीच बसून आनंदानं रडले. तेव्हापासून पुनर्लेखन चाललंय. पहिली साठ पानं आठ वेळा लिहून झाली, पण पुढे जाणंच होत नाही. एक दिवस वाटतं, जमलंय. दुसऱ्या दिवशी तेच पान वाचवत नाही. गोष्ट अशी : पुण्यात नोकरी करणारा नातू गावाकडचं घर आणि हरिपूरची हळदीच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची, जागा विकायला येतो. अधूनमधून त्याला आजीच्या आठवणी येतात. मैत्रिणींना आजीचाच भाग आवडला, पण तो मूळ कथानकाला सोडून आहे, म्हणून काढून टाकायचं मनात आहे. परवा नवरा सहज म्हणाला, ‘अजून संपली नाही?’ त्यानंतर दहा दिवस लॅपटॉप उघडलेला नाही. नेमाड्यांची ‘कोसला’ म्हणे काही दिवसांत लिहून झाली. माझ्यात ते नाहीच का? सोडून देऊ का? एक पान सोबत जोडते आहे.
– साठाव्या पानावर अडकलेली

उत्तर : बाई गं, तुझ्या पत्राआधी मी ते सोबतचं पान वाचलं. तीनदा वाचलं. पेवाच्या तोंडावरची माती उकरली जाते, दगड बाजूला सरकतो, वर्षभर कोंडलेल्या हळदीचा दर्प बाहेर येतो, आणि आत उतरायला निघालेल्या पोरसवदा हमालाचं मनगट धरून तुझी आजी त्याला मागे ओढते. ‘वाफ जाऊ दे. घाई कुणाला झालीय?’ म्हणते, दोराला कंदील बांधते आणि हात हात करून खाली सोडायला लागते. तिच्या तळव्याला दोराचा काच पडलाय, हे तू अर्ध्या वाक्यात सांगितलंस आणि पुढे गेलीस. हे ज्या बाईला लिहिता आलं तिनं ‘माझ्यात ते नाहीच का’ असं विचारू नये. सोडू नकोस. तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बाकीचं पत्र मी सोडायचं काय आणि ठेवायचं काय, यासाठी लिहिते आहे.

तू लिहितेस, आठ वेळा साठ पानं. म्हणजे ४८० पानं झाली, आणि उरलेल्या २८० पानांना तीन वर्षांत हात लागलेला नाही. याला मी पुनर्लेखन म्हणणार नाही. उंबरठा आठ वेळा सारवला, पण आतल्या खोल्यांत गेलीसच नाही. हे मला कळतं, कारण मी तेच केलं होतं. माझी एकच कादंबरी आहे आणि तिला सहा वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं मी पहिल्या प्रकरणाच्या वाक्यांना इस्त्री करत बसले होते. ‘होता’ काढायचं, ‘असे’ घालायचं, परत ‘होता’ करायचं. चांगल्या दिवशी वाक्य चांगलं दिसायचं, वाईट दिवशी तेच वाईट दिसायचं. दोष वाक्यात नव्हताच. गोष्ट चुकीच्या माणसाच्या तोंडून चालली होती, आणि ते मान्य करायची छाती होत नव्हती म्हणून मी काना-मात्रा तपासत होते.

तुझंही तसंच काहीसं झालं असावं असं मला वाटतं. ऐकायला जड जाईल, पण सांगते : ही कादंबरी नातवाची नाही, आजीची आहे.

बघ ना. पत्रात नातवाबद्दल तू एक वाक्य लिहिलंस, तेही एखाद्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर असावं तसं. नमुन्याला एकच पान पाठवायचं होतं, तेव्हा त्याचं एकही पान तुला पाठवावंसं वाटलं नाही. मैत्रिणींना लक्षात राहिली ती आजी. आणि कापायला निघालीस तीही आजीच. जे जिवंत आहे ते ‘मूळ कथानकाला सोडून’ वाटत असेल, तर कथानकाकडेच एकदा संशयानं बघायला हवं.

हे तुझ्या एकटीच्या बाबतीत घडलेलं नाही. १९५७ साली हार्पर ली नावाच्या तरुणीनं अमेरिकेतल्या एका प्रकाशनसंस्थेला आपलं हस्तलिखित दिलं. न्यूयॉर्कला राहणारी मुलगी अलाबामातल्या आपल्या छोट्या गावी परत येते, आणि मध्ये मध्ये तिला लहानपण आठवतं, अशी ती कादंबरी होती. टे होहॉफ या संपादक बाईंना त्यातल्या आठवणीच भावल्या. त्यांनी तिला सांगितलं, त्या लहान मुलीच्या नजरेतूनच सगळं लिही. मग दोन-अडीच वर्षं पुन्हा पुन्हा लिहिणं झालं. सांगतात, मध्येच एका हिवाळी रात्री वैतागून लीनं कागदांचा गठ्ठा खिडकीतून बर्फात भिरकावला आणि रडत होहॉफना फोन केला; त्यांनी तिला त्याच पावली खाली जाऊन पानं वेचायला लावली. १९६० साली जे पुस्तक आलं ते ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. तो पहिला खर्डाही २०१५ मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून छापला गेला. जमलं तर दोन्ही शेजारी ठेवून वाच. एकच गाव, तीच माणसं, पण सांगणारी बदलल्यावर काय होतं ते डोळ्यांना दिसतं. गावी परतलेलं मोठं माणूस आणि मध्ये मध्ये येणारं जुनं जग, ही तुझीच मांडणी आहे, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं.

‘कोसला’चं म्हणशील, तर ती १९६३ ची, नेमाडे तेव्हा पंचविशीतले. पण त्याच नेमाड्यांच्या ‘हिंदू’साठी वाचकांनी कित्येक वर्षं वाट पाहिली आणि ती आली २०१० मध्ये. किती दिवस लागले यावरून लिहिणाऱ्याची कुवत मोजता येत असती, तर या एकाच माणसाबद्दल आपण काय म्हणणार होतो? तो हिशेब मनातून काढून टाक.

आता करायचं काय. अजून महिनाभर लॅपटॉप उघडू नकोस. दहा दिवस तो रागानं बंद होता, आता ठरवून बंद ठेव. तुझी आजीच सांगते आहे की पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही.

महिन्यानंतर सगळा खर्डा छापून घे, मोठ्या अक्षरात, आणि पेन हातात न घेता पहिल्या पानापासून शेवटापर्यंत मोठ्यानं वाच. चुका दिसतील, दिसू देत, थांबायचं नाही. मग पाठकोरे कागद घे. मी लग्नपत्रिका फाडून घेतल्या होत्या, त्यांची मागची बाजू छान जाड आणि कोरी असते. एका प्रकरणाला एक तुकडा. त्यावर एकच गोष्ट लिहायची : या प्रकरणात कुणाचं काय बदललं. माझ्या एकवीसपैकी सहा तुकड्यांवर मला काहीच लिहिता आलं नव्हतं. त्यातली दोन प्रकरणं माझी सगळ्यांत लाडकी होती. ते तुकडे मी जमिनीवर मांडले होते आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याभोवती फिरत होते. रात्री सहाही बाजूला काढले. दुखलं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच उरलेली गोष्ट मला सलग दिसली.

काढलेलं पुसून टाकायचं नाही. ‘काढलेलं’ नावाची वेगळी फाईल कर आणि त्यात टाकत जा. कापताना हात थरथरतो तो कायमचं जाईल या भीतीनं. जागा ठरलेली असली की कमी थरथरतो.

नातू पूर्ण जाईलच असं नाही. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, ते तुझ्या कादंबरीत कुठे आहे? आजी तेव्हा हयात होती का? पेवं गेली हे तिला कुणी सांगितलं? नातवानं सांगितलं असेल, तर त्याला कादंबरीत यायला तेवढं एक कारण पुरेसं आहे. हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, तूच ठरव. पण जागा विकण्याचे कागदपत्र आणि तलाठ्याकडचे हेलपाटे यांत तू साठ पानं घालवली असशील, तर तिथे तुझाही जीव रमला नसणार, असा माझा अंदाज आहे.

मैत्रिणींना पुन्हा वाचायला दे, पण ‘कशी वाटली’ विचारू नकोस. त्याला ‘छान’शिवाय उत्तर नसतं आणि ‘छान’ घेऊन तू काय करणार? वाचता वाचता कुठे खाली ठेवलीस, ते विचार. आठवड्यानं पुन्हा फोन कर आणि कोण आठवतंय ते विचार.

नवऱ्याच्या त्या वाक्यानं तुला लागलं, आणि ते लागणारच. पण त्याला एकदा शांतपणे सांगितलंस का, की पहिला खर्डा म्हणजे कादंबरी संपली असं नसतं? बहुतेक घरांत हे कुणाला माहीतच नसतं. त्यांना तू चार वर्षं एकच काम करताना दिसतेस. तू आतापर्यंत दोन कामं केलीस आणि तिसरं आता सुरू होतंय. त्याला ते पेवाचं पान वाचून दाखव, तूच, मोठ्यानं. वाचताना त्याच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, पानाकडेच बघ.

आणि एक विचारायचं राहिलं. ते पान तू पाठवलंस ते आजीच्या हातातला दोर सैल पडतो तिथे संपतं. कंदील तळाला टेकला की आधीच विझला? तो पोरगा वरून वाकून बघतोय. मला पुढचं पान पाठव.