फोनवर ‘वेट’ म्हटलं की उद्धट का वाटतं?

तुमची अडचण थोडक्यात अशी : सांगलीत हळद निर्यात करणाऱ्या ऑफिसात फोनवर बसता. परदेशी गिऱ्हाइकाला ‘वेट’ म्हटलं की साहेब डोळे वटारतात, आणि चिडलेल्या माणसाला ‘काम डाउन’ (शांत व्हा) म्हणालात तर तो जास्तच भडकला. मग होल्ड ऑन, हँग ऑन, बेअर विथ मी यांतलं कुठे काय वापरायचं? मी मिरजेत बोलण्याचं इंग्रजी शिकवतो, हा घोळ नेहमीचा आहे.

आपल्याकडे मान क्रियापदातच बसलेला असतो. थांब, थांबा, थांबता का जरा. ‘थांबा की वाईच’ म्हटल्यानं कुणाला राग येत नाही. इंग्रजीत ‘वेट’ला ‘थांबा’ नाहीच. पोरालाही वेट आणि कलेक्टरलाही वेट. त्यामुळे मान बाहेरून आणावा लागतो. त्याची रीत अशी, की समोरच्याला थांबायचा हुकूम सोडायचा नाही, सवड स्वतःसाठी मागायची. ‘गिव्ह मी अ मोमेंट’ किंवा ‘लेट मी चेक’ गोड वाटतं ते याचमुळे. नुसतं प्लीज चिकटवून भागत नाही. ‘प्लीज वेट’ एटीएमच्या पडद्यावर शोभतं, माणसाच्या तोंडी नाही. आणि ‘वेट’ वापरलाच तर माणसाआधी ‘फॉर’ हवा. ‘वेट मी’ चूक, ‘वेट फॉर मी’ बरोबर.

‘हँग ऑन’ घरगुती, ओळखीच्या माणसाशी. ‘होल्ड ऑन’ जरा बरा, पण नव्या गिऱ्हाइकाला तोही नको. गडबडीत ‘हँग अप’ म्हणू नका, त्याचा अर्थ फोन ठेवा. ‘बेअर विथ मी’ सुरुवातीला वापरायचा नसतो. माणूस आधीच थांबलाय, संगणक अडकलाय, वेळ लांबतोय, तेव्हा ‘जरा सांभाळून घ्या’ या अर्थानं तो येतो. मेलमध्ये स्पेलिंग बी-ई-ए-आर. बी-ए-आर-ई लिहिलंत तर ‘माझ्यासोबत कपडे काढा’ असं वाचून पलीकडचा हसेल.

फोन होल्डवर टाकायची मात्र ठरलेली पद्धत आहे. आधी विचारायचं, कारण आणि वेळ सांगायची : ‘मे आय पुट यू ऑन होल्ड फॉर अ मिनिट व्हाइल आय चेक द स्टॉक?’ मग उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. बहुतेकजण इथेच चुकतात. प्रश्न विचारतात आणि ‘येस’ यायच्या आत बटण दाबतात. मग विचारण्याला अर्थच उरत नाही. ‘आय विल होल्ड यू’ म्हणू नका, त्याचा अर्थ तुम्ही त्याला धरून ठेवणार. परत आल्यावर आधी ‘थँक यू फॉर होल्डिंग’, मग माहिती. गोडाऊनमधून राजापुरी हळदीची किती पोती शिल्लक आहेत ते विचारून यायचं असेल तर एका मिनिटात होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा होल्ड नकोच : ‘शॅल आय कॉल यू बॅक इन टेन मिनिट्स?’ आणि दहाव्या मिनिटाला माहिती मिळालेली नसली तरी फोन करायचा.

मेलमधला घोळ पैशाचा असतो, म्हणून तिथे जास्त जपा. ‘होल्ड द शिपमेंट’ म्हणजे आम्ही सांगेपर्यंत माल हलवू नका. ‘होल्ड ऑफ ऑन द शिपमेंट’ म्हणजे तूर्त पाठवायचं लांबणीवर टाका. जवळपास तेच, फक्त सूर मऊ. पण ‘होल्ड अप’ म्हणजे खोळंबा करणं. ‘वुई आर होल्डिंग अप युअर शिपमेंट’ लिहिलंत तर तुम्हीच माल अडवून बसलाय असा अर्थ निघतो. ‘पॉज’ चालू असलेल्या आणि पुन्हा सुरू होणार असलेल्या गोष्टीला. दरमहा माल जातोय, पावसाळ्यात दोन महिने नको, तर ‘पॉज’. तिथे ‘स्टॉप’ लिहिलं तर पलीकडचा धंदा संपला असंही समजू शकतो. ‘सस्पेंड’ला कारवाईचा वास येतो, तो वकिलांना राहू द्या. ‘स्टॉप’ची आणखी एक गंमत : ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे बोलण्यासाठी थांबला, ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलायचा थांबला.

आता ‘काम डाउन’. यात ‘तुमचा तोल गेलाय’ हा आरोप आधीच भरलेला असतो, म्हणून माणूस पेटतो. ब्रिटिश सरकारनं १९३९ मध्ये छापलेलं प्रसिद्ध पोस्टर ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ म्हणतं. ‘कीप’मध्ये तुम्ही शांत आहातच, तसेच राहा, असं गृहीत आहे. (ते पोस्टर युद्धकाळात फारसं लावलंच गेलं नाही, २००० साली एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडलं आणि मग कपाकपांवर चढलं.) चिडलेल्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच नको. आपण ‘दमानं घ्या’ म्हणतो तसं थेट म्हणायची सोय तिथे नाही. राग मान्य करा आणि आपण काय करतोय ते लगेच सांगा : ‘आय अंडरस्टँड, द कंटेनर इज लेट. लेट मी फाइंड आउट व्हेअर इट इज.’ ‘रिलॅक्स’ आणि ‘चिल’ दोस्तांपुरते. ‘टेक युअर टाइम’ कागद शोधणाऱ्या, अडखळणाऱ्या माणसाला छान. पैसे थकवणाऱ्याला म्हटलंत तर टोमणा, नाहीतर खरंच मुदत दिली असं धरून तो निवांत बसेल. ‘ईझी, ईझी’ हे ओझं उतरवताना किंवा बिथरलेल्या घोड्याला. ‘कूल डाउन’ इंजिनाला आणि व्यायामानंतर अंगाला. राग निवायला ‘कूल ऑफ’. परस्पर संमतीच्या घटस्फोटात आपल्या कायद्यानं ठेवलेल्या ६ महिन्यांना ‘कूलिंग ऑफ पिरियड’ म्हणतात तो याच अर्थानं.

उच्चाराचं थोडं. ‘काम’ लिहिताना एल असला तरी ‘काल्म’ म्हणू नका, सरळ आपलं ‘काम’ म्हणा. काही अमेरिकन एल ऐकू येऊ देतात, तुम्हाला गरज नाही. ‘पॉज’मधला ज जहाजातला, आणि आधी ऑ, ‘पोज’ म्हणालात तर फोटोला उभं राहणं होतं. ‘ब्रेथ’ म्हणजे श्वास, ‘ब्रीद’ म्हणजे श्वास घेणं. लिहिताना दुसऱ्याच्या शेवटी एक ई जास्त लागतो. ‘टेक अ डीप ब्रीद’ कानावर येतं खरं, पण तिथे ब्रेथच हवा.