पिकासोने आफ्रिकी मुखवट्यांवरून प्रेरणा घेतली हे नेहमी वाचायला मिळतं. पण आफ्रिकी कलाकार स्वतःला कसं पाहत होते?

पिकासोचं नाव तुम्ही घेतलंच आहे, तर तिथूनच सुरुवात करतो. १९०७ साली पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहून तो हादरून गेला. त्याच वर्षीच्या त्याच्या गाजलेल्या चित्रातल्या पाच बायकांपैकी दोघींचे चेहरे थेट मुखवट्यांसारखे आहेत. त्याची नजर अस्सल होती, हे मी मानतो. पण मुखवटा कोरला कुणी, तो कुठल्या नाचात, कुठल्या पोशाखावर चढायचा, यातलं काही त्या चित्रात उतरलं नाही.

पिकासोच्या संग्रहात एदमों फोर्तिएची पोस्टकार्डंही होती. हा फ्रेंच गृहस्थ सेनेगलमधल्या डाकारला राहायचा, पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांचे फोटो काढून त्यांची कार्डं विकायचा. फोटोतल्या बाईची ओळख म्हणून खाली जमात किंवा गाव छापलेलं असे. तिचं स्वतःचं नाव काय, हे विचारावंसंच कुणाला वाटलं नाही. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

आता बामाकोला चला. मालीच्या या शहरात रेल्वे स्टेशनजवळ सेदू केइता या छायाचित्रकाराने १९४८ मध्ये फोटो स्टुडिओ थाटला. पहिला पडदा म्हणून त्याने घरच्या पलंगावरची नक्षीदार चादर टांगली. तिच्यापुढे लोक आपल्याला हवं तसं बसायचे. घड्याळ, पेन, रेडिओ, स्कूटर, सुटाबुटाचे कपडे, सगळं स्टुडिओत ठेवलेलं असे. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. (आपल्याकडेही तालुक्याच्या स्टुडिओत लोक असेच टेलिफोन हातात धरून फोटो काढून घेत.) फिल्म महाग, म्हणून केइता बहुतेक वेळा एकच फोटो काढायचा. बायका दागिने दिसतील असे हात ठेवायच्या, घेरदार झगे पसरून बसायच्या. गिऱ्हाईक पैसे मोजून स्वतःचा फोटो घरी नेणार होतं, त्यामुळे तिथे 'नमुना' म्हणून कुणी उभं राहतच नव्हतं. तुम्ही विचारताय तो आफ्रिकी आवाज मला या फोटोंत सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो. छायाचित्रकार आणि समोरचा माणूस दोघांनी मिळून ठरवलेली ती प्रतिमा आहे.

आणि तरीही १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याचे फोटो लागले ते 'अज्ञात छायाचित्रकार' म्हणून. केइता तेव्हा बामाकोतच राहत होता, हयात होता. पुढे एका फ्रेंच अभ्यासकाने तिथे जाऊन त्याला शोधलं आणि १९९४ मध्ये पॅरिसला त्याच्या नावाने प्रदर्शन भरलं. जुन्या फोटोंची सालं लावायला केइताकडे सोपी युक्ती होती. दोन-तीन वर्षांनी तो पडदा बदलायचा, त्यामुळे मागचं कापड पाहिलं की फोटो कधीचा ते त्याला कळायचं.