एक्स-रेवर जुना डाग आला म्हणून घाबरू नकोस

अरे, खेड-दापोलीकडची निम्मी पोरं परदेशी जाताना व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीतल्या छातीच्या एक्स-रेपाशीच अडखळतात. मीही अडखळलो होतो. डाग म्हणजे बरा झालेल्या जखमेचा व्रण. तो टीबीचा असेल किंवा जुन्या न्यूमोनियाचा. औषधाने पुसला जात नाही. म्हणून कुणी ‘डाग घालवायला’ पुन्हा टीबीच्या गोळ्या घे म्हणालं तर ऐकू नकोस.

आधी देश कुठला ते बघ. आखाती देशांचे नियम कडक, तिथे जुना डागही बहुतेक वेळा ‘अनफिट’ ठरतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांना मुख्य प्रश्न एकच: आजार आत्ता चालू आहे का? त्यासाठी थुंकीचे तीन नमुने घेतात आणि कल्चरला (थुंकीतून टीबीचे जंतू वाढतात का ते बघणाऱ्या तपासणीला) सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढे धरूनच तिकीट काढ. मी आधीच राजीनामा देऊन बसलो होतो, आणि घरी आईचे टोमणे!

आत्ता एवढंच कर:

- जुने एक्स-रे शोध, माळ्यावरच्या ट्रंकेतसुद्धा. रिपोर्ट नको, फिल्मच हवी. डाग महिनोन्‌महिने तसाच आहे हे तीच दाखवते.
- औषधं सरकारी दवाखान्यातून घेतली असशील तर कोर्स पूर्ण झाल्याचा कागद आण.
- डॉक्टरने विचारलं तर टीबी लपवू नकोस. फिल्म बोलतेच.

‘सेटिंग करतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नकोस.