काटा रुतला की तिथे सूज आणि पू का येतो?
सूज म्हणजे बिघाड नव्हे, ती शरीराने धाडलेली कुमक. काटा घुसला की त्वचेतल्या मास्ट पेशी (पहाऱ्यावरच्या संरक्षक पेशी) हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो. म्हणून ती जागा लाल, गरम होते आणि फुगते. त्याच वाटेने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी काही तासांत पोचतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच! मागून मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी येतात, तो खच उचलतात आणि जखम भरायला लावतात.

१८८२ मध्ये जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अळीत काटा खुपसून पेशी त्याभोवती गोळा होताना पाहिल्या होत्या (१९०८ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना जर्मन शास्त्रज्ञ एर्लिश यांच्यासोबत मिळालं).

लाली पसरत चालली किंवा ताप आला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पू पिळत बसू नका.