नव्या पिकअपला कंपनीबाहेरचा सायलेन्सर बसवण्यापूर्वी

नव्या गाडीबद्दल अभिनंदन! हौस रास्तच आहे, पण वॉरंटी चालू असताना घाई करू नका.

सर्वांत आधी वॉरंटी पुस्तिकेत कोणत्या बाबी वगळल्या आहेत ते पान नीट वाचा. शोरूममध्ये कोणी ‘काही होत नाही, साहेब’ म्हणाले तरी त्यावर विसंबू नका; जोडायचा भाग नेमका कोणता ते कळवून उत्तर लेखी, निदान ई-मेलवर, मागवा.

बीएस-६ (प्रदूषणाचे मानक) डिझेल गाडीचा एक्झॉस्ट म्हणजे केवळ नळी नव्हे. धुरातील घातक वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काजळी अडवणारा डीपीएफ आणि तापमान व दाब मोजणारे सेन्सर त्यातच बसवलेले असतात. म्हणून बदल या सर्वांच्या मागच्या मफलरपुरताच (सायलेन्सरपुरताच) ठेवा. ओढ वाढेल या आशेने डीपीएफ काढून टाकणे ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगचे कसबी कारागीर पुष्कळ आहेत, तरीही मूळ पाइप कापू देऊ नका. नट-बोल्टने बसणारा भाग निवडा आणि काढलेला सायलेन्सर भंगारात घालू नका.

आवाजाची निवड व्हिडिओ पाहून करू नये. ताराराणी चौकात रुबाबदार वाटणारी घुमणी पुण्याच्या हायवेवर एकाच वेगात तासभर ऐकताना डोके उठवते. शिवाय ध्वनी व प्रदूषणाची मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

ईसीयू रीमॅपचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची सेटिंग बदलण्याचा, विषय तूर्त काढूच नका.