नेफ्रिन: जनुक की प्रथिन? गाळणी की चाळणी?

प्रश्न असा आहे: ‘नेफ्रिन हे मूत्रपिंडातले चाळणीचे जनुक असून ते प्रथिने गाळते’ हे वाक्य बरोबर आहे का?

वाक्यात तीन ठिकाणी अडचण आहे. पहिली लगेच सुटते. नेफ्रिन हे प्रथिन आहे, जनुक नव्हे. ते ज्या जनुकावरून तयार होते त्याचे नाव एनपीएचएस१. ते १९ व्या गुणसूत्रावर असते आणि १९९८ साली ओळखले गेले. रोमन लिपीत जनुकाचे नाव तिरप्या टायपात छापून हा फरक दाखवतात. देवनागरीत ती सोय रुळलेली नाही, म्हणून ‘नेफ्रिनचे जनुक’ आणि ‘नेफ्रिन हे प्रथिन’ असे जातिवाचक शब्दासह लिहावे. नेफ्रॉन वेगळा, तो मूत्रपिंडाचा रचनाघटक. तिन्हींच्या मुळाशी मूत्रपिंडासाठीचा ग्रीक शब्द आहे, त्यामुळे गल्लत होते.

आता चाळणी. आपण पीठ चाळतो आणि चहा गाळतो: कोरडे चाळायचे, पातळ गाळायचे. ‘वस्त्रगाळ चूर्ण’ हा अपवाद आहे, पण रक्ताच्या बाबतीत त्याचा आधार घ्यायचे कारण नाही. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला बहुतेक परत शोषला जाऊन साधारण दीड लिटर लघवी उरते. म्हणून गाळणीच म्हणावे. मात्र ती गाळणी म्हणजे एकटे नेफ्रिन नव्हे. केशवाहिनीचे सच्छिद्र अस्तर, त्याबाहेरचा आधारपटल आणि त्यावर पाय रोवून बसलेल्या पोडोसाइट पेशी असे तिचे तीन थर आहेत. या पेशींच्या शेजारशेजारच्या पायांमध्ये सुमारे ४० नॅनोमीटरची फट असते. दोन्ही बाजूंनी आलेले नेफ्रिनचे रेणू त्या फटीत एकमेकांत गुंततात. नेफ्रिनला ‘जाळीचा धागा’ म्हटले तर चित्र नेमके उभे राहते. पोडोसिन हे दुसरे प्रथिन त्या धाग्याला पेशीच्या पटलाशी धरून ठेवायला मदत करते.

या जाळीच्या ‘स्लिट डायफ्रॅम’ या इंग्रजी नावात डायफ्रॅम हा शब्द आहे. त्याचे भाषांतर ‘मध्यपटल’ करू नये. तो छाती आणि पोट यांच्यामधला श्वसनाचा स्नायू. ‘फटीवरचा पडदा’ पुरे.

सगळ्यात घातक चूक ‘प्रथिने गाळते’ यात आहे. मराठीत जे गाळणीतून खाली जाते तेही गाळलेले (गाळलेला चहा), आणि जे वगळले तेही गाळलेले (परिच्छेद गाळला). मग प्रथिने पलीकडे गेली की अडली? वाचकाला कळणार नाही, आणि वैद्यकीय मजकुरात तर अर्थ उलटा लागेल. गाळणे हे क्रियापद रक्ताला जोडावे आणि प्रथिनांसाठी ‘अडवणे’ किंवा ‘रोखणे’ वापरावे.

बिघाडासाठी शब्द भाषेने आधीच दिला आहे: गळणे. गाळणे हे त्याचेच प्रयोजक रूप. गाळणी धड असेल तर रक्त गाळले जाते, फाटली की प्रथिने गळतात. निरोगी प्रौढाच्या लघवीत दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जाते; नेफ्रॉटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या विकारात ते साडेतीन ग्रॅमच्या पुढे जाते. एनपीएचएस१ च्या दोन्ही प्रती सदोष असतील तर ही गळती जन्माआधीच सुरू होते. या जन्मजात नेफ्रॉटिक सिंड्रोमला ‘फिनिश प्रकार’ म्हणतात, कारण फिनलंडमध्ये तो जास्त आढळतो. म्हणजे तो फक्त तिथेच होतो असे नव्हे. त्यात स्टेरॉइड उपयोगी पडत नाहीत, कारण जाळीचा धागाच नीट तयार झालेला नसतो.

ऱ्हस्व-दीर्घाचे म्हणाल, तर उपान्त्य दीर्घाच्या नियमाने ‘नेफ्रीन’ होईल. पण इन्सुलिन, पेनिसिलिन हे शब्द ऱ्हस्वानेच रुळले आहेत, त्यांच्या पंक्तीत नेफ्रिन ठेवावे.

वाक्य असे लिहावे: ‘मूत्रपिंडात रक्त गाळले जाताना त्यातली प्रथिने रोखणाऱ्या जाळीचा धागा म्हणजे नेफ्रिन हे प्रथिन; ते एनपीएचएस१ या जनुकावरून तयार होते.’